विश्लेषण : क्रोशाच्या लेससाठी दोरा कसा निवडाल?

रुखवतातले तोरण, परकराची किनार, देव्हाऱ्यातला रुमाल... लातूर-नांदेडकडच्या घरांत क्रोशाची लेस आजही हाताने विणली जाते. एका लेससाठी कित्येक दुपारी खर्ची पडतात. पण दोरा चुकला, तर पहिल्याच धुण्यात ती आक्रसते किंवा रंग सोडते.

दोऱ्यावरचा आकडा काय सांगतो?

गुंड्यावर १०, २०, ४०, ६० असे नंबर असतात. नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. तोरण किंवा टेबलक्लॉथसाठी १०, ब्लाउज किंवा उशीच्या अभ्र्याच्या किनारीसाठी २०, तर हातरुमालाच्या नाजूक लेससाठी ४० किंवा त्यापुढचा नंबर योग्य. १० नंबरला साधारण दीड मिलिमीटरची, तर २० नंबरला एक मिलिमीटरची सुई चालते. कंपनी बदलली की त्याच नंबरच्या जाडीतही थोडा फरक पडतो.

‘मर्सराइज्ड’ म्हणजे काय?

इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचे पेटंट घेतले. त्याने सूत मजबूत होते आणि रंग चांगला धरते. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी ही प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि त्याला चकाकी आली. लेससाठी हाच दोरा घ्यावा.

कोणताही कापूस चालतो का?

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण शेतकऱ्यांना परिचित आहे. त्याचा धागा मध्यम लांबीचा. बारीक, गुळगुळीत दोऱ्याला मात्र लांब धाग्याचा कापूस लागतो. आखूड तंतूंची टोके बाहेर येतात आणि लेसवर लव दिसते.

घेताना काय तपासाल?

• दोऱ्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रेलिक वितळून कडक गोळी होते.
• ओला दोरा पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. डाग पडला तर तो रंग टाळा.
• लागणारे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, एकदमच घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा वेगळी निघू शकते.
• चार बोटांचा नमुना विणा, मोजा, धुवा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. किती आक्रसतो, ते कळेल.
• लेस लावायचे सुती कापडही आधी धुऊन घ्या. नाहीतर कापड आटते आणि लेसला चुण्या पडतात.