फीड : चावडीवरचा कागद घरीं कसा येतो

३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा भाग कोसळला. तिकडे गेलेल्या एस. टी. चालकास घरांच्या जागीं चिखलाचा ढीग दिसला. त्यानें कळविलें तेव्हां बाहेर वार्ता गेली. १५१ माणसें त्या दरडीनें गिळलीं.

जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरी गांवांत ज्यांचीं वडीलधारीं माणसें राहतात, अशीं कितीतरी कुटुंबें पुण्यामुंबईंत नांदतात. पावसाळ्यांत त्यांचा जीव टांगणीस लागतो. अशा कुटुंबांच्या उपयोगीं पडणारी एक साधी सोय म्हणजे 'फीड'.

चावडीवर नवा कागद लागला कीं नाहीं, हें पाहण्यास रोज हेलपाटा घालावा, तसेंच एखादें संकेतस्थळ पुन्हां पुन्हां उघडून पाहावें लागतें. फीड म्हणजे त्या संकेतस्थळानेंच ठेवलेली नव्या मजकुराची यादी. तींतील नोंदीस मथळा, दुवा, वेळ आणि बहुधा एक स्वतंत्र खूण असते. फीड वाचणाऱ्या ॲपला या यादीचा पत्ता एकदां दिला, कीं तें ठराविक वेळानें ती चाळतें, पूर्वीं पाहिलेलें वगळतें आणि नवें तेवढेंच पुढें ठेवतें. आरएसएस ही तिची प्रसिद्ध पद्धति १९९९ सालीं निघाली. समाजमाध्यमांवर आधीं काय दाखवावें हें बहुधा कंपनी ठरविते. येथें निवड वाचकाची, आणि मजकूर मूळ ठिकाणचा.

राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या व्यवस्थेचे इशारेहि फीडरूपानें मिळतात. हवामान खातें पुणें जिल्ह्यांतील घाट विभागासाठीं निराळा इशारा देतें. पुणें शहरांत ऊन पडलें असलें, तरी भीमाशंकराकडे मुसळधार लागलेली असूं शकते. म्हणून हा भेद महत्त्वाचा.

मात्र हा निरोप्या ठराविक वेळींच फेरी घालतो. दोन फेऱ्यांच्या मधली बातमी तितकी उशिरा पोहोंचते. शिवाय चावडीवर कागदच लागला नसेल, तर तो रिकाम्या हातानें परततो. इशारा वाचतांच गांवीं फोन करणें, आणि डोंगरास पडलेली नवी भेग गांवानें वेळींच तहसील कचेरींत कळविणें, हीं दोन कामें अखेर माणसांनींच करावयाचीं आहेत.