वेगमापकाचा काटा नेमके काय मोजतो?

समृद्धी महामार्गाचा बुलढाणा जिल्ह्यातून, सिंदखेडराजा-मेहकरजवळून जाणारा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. येथे मोटारींना ताशी 120 कि.मी.ची मर्यादा आहे. पण जुन्या मोटारीचा काटा 120 दाखवतो, तेव्हा खरा वेग तेवढाच असतो का?

जुन्या वेगमापकात गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. त्यामुळे भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात. वाटी चुंबकामागे ओढली जाते, स्प्रिंग तिला रोखते आणि काटा सरकतो. म्हणजे आपण मोजतो ते चाकाचे फेरे! अचूक काट्याच्या गाडीला 5 टक्के मोठ्या व्यासाचे टायर बसवले, तर 120 दिसताना खरा वेग 126 असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती 10 टक्क्यांनी वाढते.

जीपीएस यंत्र उपग्रहांच्या रेडिओलहरींतील डॉप्लर बदलावरून थेट गाडीचा वेग काढते. त्यानुसार फिरणारी छोटी मोटर जुना चुंबक फिरवू शकते. तबकडी तीच राहते. बोगद्यात मात्र संकेत तुटतो.

पडताळा आपण सहज घेऊ शकतो. काटा 100 वर स्थिर असताना चालकाशेजारी बसलेल्याने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंतचा वेळ मोजावा. तो 36 सेकंद यायला हवा. 34 आला, तर काटा वेग कमी दाखवतो आहे.