सीमाभागातील मोबाइल: फेरफार किती आणि कोठे?

बेळगाव-निपाणीच्या मुलखात ज्याच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये निघतो, ज्याच्या घरचा पत्रव्यवहार मराठीत चालतो आणि ज्याचा माल कागलची हद्द ओलांडून कोल्हापूरच्या पेठेत जातो, त्या माणसाने आपला मोबाइल कारखान्यातून आला तसाच वापरावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणि त्यात वाटेल तेथे हात घालावा असे म्हणणे त्याहूनही घातक ठरेल. म्हणून फेरफार यंत्राच्या कोणत्या थरात करावयाचा, हे आधी पाहिले पाहिजे.

भाषा, अक्षरांचा आकार आणि कळफलक हा वरचा थर. येथील फेरफार निर्धास्तपणे करावा, कारण तो केव्हाही मागे घेता येतो. या थरातील इन्स्क्रिप्ट ही मांडणी तर सीमाभागासाठीच निर्मिली असावी, इतकी येथे चपखल बसते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आखलेली आणि पुढे आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ही योजना भारतीय लिपींच्या समान वर्णक्रमावर उभी आहे: स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली, आणि ज्या कळीवर देवनागरी ‘क’ त्याच कळीवर कन्नड ‘क’. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांना अपरिहार्य असलेला ‘ळ’ही दोन्हीकडे एकाच जागी आहे, आणि कन्नडमधील ऱ्हस्व ‘ए’ व ‘ओ’ यांची सोयही तिने केली आहे. युनिकोडच्या सारणीतही हेच साम्य उतरले. तेथे देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि कन्नड ‘क’चा ३२२१, ‘ळ’चे अनुक्रमे २३५५ आणि ३२५१, दोन्ही ठिकाणी अंतर नेमके ८९६. लिपी पालटली तरी बोटांची सवय कायम राहते. आज रोमन अक्षरांतून किंवा बोलून लिहिण्याची वहिवाट पडली असली, तरी दोन्ही भाषांत रोज लिहिणाऱ्या तरुणांनी ही मांडणी शिकून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मधल्या थरात, उदाहरणार्थ नेटवर्कच्या निवडीत, सावधगिरी हवी. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दूरसंचाराची स्वतंत्र परिमंडळे आहेत. निवड स्वयंचलित ठेवली, तर हद्द ओलांडताना फोन योग्य मनोरा आपण होऊन शोधतो, पण ती हाताने एकाच नेटवर्कवर बांधून ठेवली, तर पलीकडे गेल्यावर संपर्क तुटण्याचा संभव असतो.

तळच्या थराची गोष्ट अगदी निराळी आहे. अँड्रॉइडचा गाभा मुक्त संहितेचा असल्यामुळे बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारी आज्ञावली, उघडून दुसरी प्रणाली घालण्याची वाट हौशी लोकांना मिळाली. २००९ पासून सायनोजेनमॉड या अशाच एका प्रणालीने आणि २०१६ च्या अखेरीस ती थांबल्यावर लिनिएजओएसने, उत्पादकांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक जुन्या यंत्रांना नवे आयुष्य दिले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु फोन सुरू होताना चिपमध्ये कायमची नोंदलेली किल्ली पहिल्या आज्ञावलीची अंकीय सही तपासते, ती आज्ञावली पुढचीची, आणि असा तपास, कचेरीतील दस्तऐवजावरची मोहोर प्रत्येक मेजावर पाहिली जावी तसा, मुख्य प्रणालीपर्यंत चालत जातो. बूटलोडर उघडला की या विश्वासाचा आधारच सुटतो. शिवाय उघडतानाच फोनमधील सारी माहिती पुसली जाते, आणि पुढे बँकांची व यूपीआयची अनेक अ‍ॅप्स, यंत्र विश्वासार्ह नसल्याचे ओळखून, चालण्यास नकार देतात. तंबाखूच्या सौद्याची रक्कम किंवा मुलीच्या परीक्षेचे शुल्क ज्या यंत्रावरून जाते, त्याच्यावर असला प्रयोग करणे मला सर्वथा अनुचित वाटते.

प्रयोगाची हौस ज्यांना आहे, त्यांनी घरात पडून असलेला जुना फोन त्यासाठी घ्यावा आणि त्यात बँकेचे खाते जोडू नये. रोजच्या फोनमध्ये मात्र मराठी व कन्नड असे दोन्ही कळफलक आजच घालावेत, घरातील वडीलधाऱ्यांसाठी अक्षरे मोठी करून द्यावीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील तेव्हा त्या लांबणीवर टाकू नयेत.