बोटीवरचं पिण्याचं पाणी

हर्णै बंदरातल्या एका तांडेलाने तीन वर्षांपूर्वी मला विचारलं, ‘भाऊ, घरात लावतात तो आरओ बोटीवर बसवला तर? पाणी भरायची कटकटच मिटेल. खाली सगळा दर्याच आहे की!’ मागच्या फेरीत त्याचे तीन खलाशी उलट्या-जुलाबांनी आडवे झाले होते. बर्फ आणि डिझेलचा खर्च अंगावर घेऊन त्याला पाचव्या दिवशीच मागे फिरावं लागलं होतं. प्रश्न भाबडा होता, पण गरज खरी होती.

मी शास्त्र शिकलेला माणूस नाही. पंपदुरुस्ती करता करता पाण्याविषयी वाचत गेलो, एवढंच माझं भांडवल. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर पंपातच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मध्ये बारीक पडदा ठेवला, तर गोडं पाणी आपणहून खाऱ्या पाण्याकडे धावतं. ही ओढ उलटवायला हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून अधिक जोर लागतो, आणि कामापुरतं पाणी हवं असेल तर पन्नास-साठ पट. घरातल्या आरओचा पंप जेमतेम पाच ते सात पट जोर देतो. म्हणजे समुद्राचं पाणी त्यात घातलं, तर गोड्या पाण्याचा थेंबही पडणार नाही. पंप मात्र गंजेल. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९६०च्या सुमारास खारं पाणी गोडं करण्याजोगा पडदा बनवला, तोही अशा प्रचंड दाबावरच चालणारा. बोटींसाठी तशी यंत्रं मिळतात, पण ती आपल्या मच्छीमाराच्या आवाक्यातली नाहीत.

मग बंदरावर भरलेलं गोडं पाणीच आरओतून गाळावं का? हिशेब करून पाहू. आठ माणसं, आठ दिवस, पिण्याला नि स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर. म्हणजे ३२० लिटर. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर फेकून देतो. ३२० लिटरसाठी हजारभर लिटर पाणी वाहून न्यावं लागेल. विक्रेता टीडीएसचा आकडा उतरलेला दाखवतो, पण तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. जुलाब जंतूंनी होतात आणि जंतू टीडीएसच्या मीटरवर दिसत नाहीत.

अतिनील दिव्याचं यंत्र जंतू मारतं, पण पाणी गढूळ किंवा गंजाचं असेल तर प्रकाश आतवर पोचत नाही. शिवाय दिव्याखालून पुढे गेलेल्या पाण्याला पुढचं संरक्षण काहीच उरत नाही. दोन मजली मेणबत्तीचा फिल्टर स्वस्त आणि बिनविजेचा. पण बोट डोलली की वरचं पाणी हिंदकळून फटीतून खाली उतरतं. उरतो यूएफ, म्हणजे पोकळ तंतूंचा गाळक. त्याची छिद्रं इतकी बारीक, की जिवाणू अडतात. काही विषाणू मात्र निसटतात. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. खोट एकच. एकदा भिजलेले तंतू वाळू द्यायचे नसतात, आणि १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात बोट किनाऱ्यावर कोरडी पडून असते. त्यामुळे गाळक काढून घरी आणायचा, नाहीतर हंगामाला नवा घ्यायचा.

इथवरचं गणित बरोबर होतं. चूक मी बसवताना केली. टाकीत शुद्धच पाणी जावं म्हणून कोळशाच्या कांडीसकट गाळक मी पाणी भरायच्या पाइपावर लावला. कोळसा चव सुधारतो, पण नळाच्या पाण्यातला क्लोरीनही शोषून घेतो. क्लोरीन गेलेलं पाणी उन्हात तापणाऱ्या टाकीत चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी वास मारू लागलं आणि दोघांची पोटं पुन्हा बिघडली. तांडेल मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्यातून मी शिकलो ते असं, की बोटीवर पाणी मुख्यतः साठवणीत बिघडतं. म्हणून राखण टाकीत हवी आणि गाळक शेवटी, नळाच्या तोंडाशी. आता फेरीआधी टाकी घासून धुतली जाते. स्वच्छ पाणी भरून, पाकिटावरच्या प्रमाणात क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायतीचा माणूस करतो तीच ओटी टेस्ट रोज करायची. नमुना पिवळा झाला नाही, तर पुन्हा मात्रा द्यायची. तपासलेला नमुना मात्र फेकायचा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. आणि टाकीत तांब्या बुडवायचा नाही. तोटीनेच पाणी घ्यायचं.

या सगळ्याला आरओच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागला. कुठलंही यंत्र घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असं मी आता सांगतो: पाणी येतं कुठून, राहतं कुठे, आणि यंत्राची निगा कोण राखणार? तांडेलाने तिसऱ्याचं उत्तर स्वतःच दिलं. सकाळच्या चहाआधी ओटीचे थेंब तोच टाकतो. खलाशांवर सोपवत नाही.