कर अमेरिकेत, हप्ता साक्रीत

अमेरिकी कंपनीने पुण्यातल्या आयटी कंपनीला कामाचे १०० डॉलर दिले, तर वर २५ डॉलर तिथल्या सरकारला भरायचे. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या 'हायर' विधेयकाचा गाभा एवढाच. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केले. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींची खिचडी फिरते. शुल्क हा अध्यक्षांचा आदेश. 'हायर' हे सिनेटमध्ये मांडलेले विधेयक.

आयातशुल्क असताना हा कर कशाला? कापड, हिरे बंदरात अडवता येतात. कोड बंदरातून जात नाही. म्हणून पैसे देणाऱ्यालाच गाठायचे.

साक्रीला काय त्याचे?

साक्री-पिंपळनेरकडचा इंजिनीअर हिंजवडी, खराडी गाठतो. तो अमेरिकेला जात नाही, अमेरिकेचे काम त्याच्याकडे येते. त्यामुळे व्हिसाच्या शुल्कापेक्षा हा कर त्याला जास्त झोंबेल. लगेच कुणाचा पगार कापला जाणार नाही. आधी कंत्राटे लांबतील, मग फ्रेशरची भरती आटेल. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, नोकरी लागो न लागो. तो बाप भरतो, कांदा विकून.

ओहायोचा राग खोटा नाही. जनरल मोटर्सने मार्च २०१९ मध्ये तिथल्या लॉर्डस्टाउन कारखान्यातले उत्पादन थांबवले. पण त्याच कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या तळेगावातही उत्पादन बंद केले. दोन्हीकडचे कामगार घरी बसले. भाडण्याचा पांझराकान साखर कारखाना बंद पडलेला पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि आपण तरी वेगळे काय बोललो? सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा 'आमच्या पोरांच्या नोकऱ्या पळवल्या' म्हणून महाराष्ट्रभर आंदोलने झालीच की. मोरेनो वेगळे काही म्हणत नाहीत.

कर लागला म्हणून कामे ओहायोत परततील, याची खात्री नाही. त्यातली बरीच यंत्राकडेही जाऊ शकतात. टीसीएसने तर हे विधेयक येण्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले होते.

कॅम्पसची ऑफर हातात असेल, तर रुजू होण्याची तारीख लेखी मागा. ती पुढे ढकलली गेली, तर पहिला हप्ता थकण्याआधीच बँकेत जाऊन मुदतवाढीचा अर्ज द्या.