नेल्सनची गाठ आणि गॅमा नाइफ

कुशिंग विकारात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली छोटी गाठ एसीटीएच हे संप्रेरक बेसुमार सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल ओतत राहतात. नाकावाटे शस्त्रक्रिया करूनही विकार हटला नाही, तर कधी दोन्ही ॲड्रिनल काढाव्या लागतात. कॉर्टिसॉलचा त्रास थांबतो, पण मूळ गाठ जागेवरच राहते. कॉर्टिसॉलचा लगाम सुटला की काही रुग्णांत ती फोफावते, एसीटीएच प्रचंड वाढते, त्वचा काळवंडते. डॉन नेल्सन यांनी 1958 मध्ये असा रुग्ण नोंदवला, म्हणून हा ‘नेल्सन सिंड्रोम’.

ही गाठ बाजूच्या शिरांच्या पोकळीत शिरली, तर तिथे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते. सर्जनला सगळी गाठ काढता येत नाही. उरलेल्या भागासाठी गॅमा नाइफ हे नेमक्या जागी किरण एकवटणारे यंत्र कामी येते. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली आणि भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्जे लार्सन यांच्यासह यंत्र घडवले. स्टॉकहोममधल्या पहिल्या यंत्रात कोबाल्ट-60 चे 179 स्रोत होते, तर 2006 च्या ‘पर्फेक्शन’मध्ये 192. एकेकटा किरण दुबळा असतो, सगळे जिथे एकवटतात तिथेच मात्रा जबर होते. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ 1997 पासून आहे.

पारंपरिक पद्धतीत डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात, एमआरआय काढतात आणि शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ मिळून आराखडा आखतात. खरी कसोटी इथेच लागते. गाठीच्या काठाला साधारण 20 ते 25 ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा द्यायची, पण डोळ्यांच्या नसांवर 8 ते 10 ग्रेपेक्षा जास्त पडू द्यायची नाही. मधले अंतर काही मिलिमीटरच असते. गाठ नसेला टेकली असेल, तर आधी शस्त्रक्रियेने ती तिथून मागे सारतात.

गाठ लगेच नाहीशी होत नाही. बहुतेकांत तिची वाढ थांबते. एसीटीएच महिन्या-वर्षांनी उतरते, पण अनेकदा पूर्ण ताळ्यावर येत नाही. पिट्युटरीची इतर संप्रेरके वर्षांनंतरही कमी पडू शकतात.

म्हणून ॲड्रिनल काढलेल्यांनी एमआरआय आणि एसीटीएचची तपासणी नेमाने करत राहावी. कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी कधीही चुकवू नये आणि ताप-उलट्यांत मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.