आत्याबाईंचा पाहुणचार

जोसेफ केसलरिंगचे 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हे नाटक १९४१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि त्याचे १,४४४ प्रयोग झाले. अमेरिकेतल्या गावोगावच्या हौशी मंडळ्या ते आजही आवडीने करतात. ब्रुकलिनमधल्या दोन वृद्ध आत्याबाई एकाकी म्हाताऱ्यांना घरगुती मद्यातून विष पाजतात. तळघरात बारा प्रेते! पण नटीने डोळे वटारले, की नाटक कोसळलेच म्हणा. फराळाचे ताट पुढे करावे, तशा मायेने तिने तो पेला पुढे केला पाहिजे. कारण आत्याबाईंना हे पुण्यकर्मच वाटते! दुसऱ्याचे जिणे व्यर्थ आहे, असे परस्पर ठरवून टाकणाऱ्या दयेइतके भयंकर दुसरे काय असेल? हसता हसता प्रेक्षक दचकतो, तो इथेच.